कॉलेजमधला कचरा कमी करायचाय? सुरुवात मागच्या फाटकापासून करा

कॉलेजमध्ये कचऱ्याचं काम हाती घ्यायचं ठरलं की पहिली मागणी येते ती डब्यांची. डबे येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात आणि महिन्याभरात हिरव्या डब्यात पाण्याच्या बाटल्या, निळ्यात अर्धा खाल्लेला समोसा दिसायला लागतो. मग सगळे म्हणतात, मुलांना शिस्तच नाही. मला हे पटत नाही. पहिले काही दिवस बहुतेक मुलं मन लावून कचरा वेगळा टाकतात. एखाद्या संध्याकाळी त्यांना दिसतं की दोन्ही डबे एकाच गाडीत उलटे होतायत, आणि त्यांचा विश्वास तिथेच उडतो.

म्हणून हे काम उलट्या टोकाने सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. वेगळा केलेला कचरा पुढे कोण नेणार, त्याचं काय होणार, हे आधी ठरवायचं. डबे सगळ्यात शेवटी. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी, ‘ग्रीन क्लब’ची जबाबदारी अंगावर आलेले नवे प्राध्यापक, हॉस्टेलच्या मेस कमिटीतली मुलं-मुली, अशांसाठी हा लेख आहे.

एक सूचना आधीच. मोहीम २ ऑक्टोबरला सुरू करू नका. पुढे लगेच सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. सवय लागायच्या आत तुटते. जुलैमध्ये नवी मुलं येतात तेव्हा सुरू करा. त्यांना कॉलेज असंच असतं असं वाटलं पाहिजे.

कचरा जातो कुठे?

सकाळी लवकर, लेक्चर सुरू व्हायच्या आधी, कॉलेजच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. कचऱ्याची गाडी कधी येते, कुणाची आहे, तिच्यात ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे आहेत का, ते बघा. मग सफाईचं काम करणाऱ्या मावशींशी आणि काकांशी बोला. घाईघाईत नाही, त्यांच्या चहाच्या वेळेला. कोणत्या मजल्यावरून सगळ्यात जास्त कचरा निघतो? कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो? काय वेगळं काढून ठेवलं जातं? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत जितकी माहिती मिळते तितकी कोणत्याही पाहणीत मिळत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. बऱ्याच कॉलेजांत मावशी पुठ्ठा, बाटल्या, रद्दी बाजूला काढतात आणि भंगारवाल्याला विकतात. कंत्राटावरच्या तुटपुंज्या पगारात त्या पैशांना किंमत असते. तुमचा नवा ‘रीसायकलिंग प्रकल्प’ हाच माल उचलून क्लबच्या खात्यात पैसे जमा करणार असेल, तर तुम्ही त्यांची कमाई काढून घेताय. सुक्या कचऱ्याचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्या आणि तसं प्राचार्यांकडून लेखी घ्या. तुम्ही माल स्वच्छ आणि वेगळा करून दिलात तर त्यांचा वेळ वाचतो, भाव बरा मिळतो आणि तुमचं काम सुट्टीतही चालू राहतं. काही कॉलेजांत भंगार अधिकृतपणे लिलावाने विकलं जातं. तिथे निदान कॅन्टीन आणि वर्गांतला रोजचा सुका माल यातून वगळून घेता येतो का, ते विचारा.

एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर

आता ऑडिट. शब्द मोठा वाटतो, पण काम साधं आहे. गॅदरिंग, परीक्षा आणि जोडसुट्टीच्या आसपासचे दिवस सोडून एखादा मंगळवार किंवा बुधवार निवडा. मोठी ताडपत्री, जाड रबरी हातमोजे, मास्क, चिमटे, लोंबता स्प्रिंगकाटा आणि रिकामी पोती एवढं साहित्य पुरतं. आदल्या दिवशी मावशींना सांगून प्रत्येक इमारतीचा कचरा वेगळ्या पोत्यात ठेवायला लावा आणि पोत्यावर चिठ्ठी बांधा. कॅन्टीन, ग्रंथालय, मुलींची कॉमन रूम, कार्यालय, प्रयोगशाळा, हॉस्टेल, सगळं वेगळं. ज्याच्या हाताला जखम आहे त्याने लिहायचं काम घ्यावं, कचऱ्यात हात घालू नये. सॅनिटरी कचऱ्याची आणि प्रयोगशाळेतली पुडकी उघडायची नाहीत, फक्त मोजून बाजूला ठेवायची.

पोतं ओता आणि ढीग करा: उष्टं-खरकटं आणि फळांची सालं, चहाचा चोथा, स्वच्छ कागद, तेलकट कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, वेफर-बिस्किटांची वेष्टनं, कागदी कप, काच, पत्रा, पालापाचोळा, बाकी. प्रत्येक ढीग वजन करून वहीत लिहा. कागदी कप आणि वेष्टनं मात्र वजनाबरोबर मोजूनही लिहा. शंभर कप काट्यावर जेमतेम जाणवतात, पण डबा तेच भरतात.

बाटल्यांकडे नीट बघा. कितीतरी बाटल्यांत अर्धं पाणी असतं. तेच पाणी डब्यात सांडून चांगला कागद भिजवतं, आणि भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. म्हणून सुक्या कचऱ्याच्या प्रत्येक मोठ्या डब्याशेजारी पाणी ओतायला एक बादली ठेवायची. तिचं पाणी संध्याकाळी झाडांना. एवढ्या एका बादलीने सुक्या डब्यातला कागद वाचतो.

दोन वेगवेगळ्या दिवशी हे करा. हातात आलेले आकडे हीच तुमची पुढची सगळी बोलणी करायची ताकद आहे.

घेणारा आधी, डबा नंतर

ढिगांतला एकेक नमुना पिशवीत घालून जवळच्या भंगाराच्या दुकानात जा. काय घेता, कोणत्या अवस्थेत घेता, किती साठलं की टेम्पो पाठवाल, हे विचारून लिहून घ्या. साधारण चित्र असं दिसतं: रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लॅस्टिकचे डबे, दुधाच्या पिशव्या, पत्रा आणि धातू यांना गिऱ्हाईक आहे. काचेला काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. वेफरची चकचकीत वेष्टनं, कागदी कप, थर्मोकोल, तेलाने माखलेला कागद यांना जवळपास कुणी विचारत नाही. वेष्टनात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, म्हणून तो ना कागदात जातो ना प्लॅस्टिकमध्ये. ज्याला घेणारा नाही ते वेगळं करत बसण्यापेक्षा आवारात येऊच नये, यावर ताकद लावा.

माल नीट देण्याच्या काही बारीक गोष्टी भंगाराच्या दुकानात उभं राहिलं की कळतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, थोडा जोडलेला राहू द्या. तो इवलासा त्रिकोण एकदा सुटला की गटारात जातो, कुणाच्याही हाती लागत नाही. पिशवी आतून विसळून उलटी वाळवा, नाहीतर दोन दिवसांत आंबट वास सुटतो. बाटली रिकामी करून चेपा. झाकण बाटलीहून वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं, ते वेगळ्या डब्यात जमवलं तर बाटल्यांना स्वच्छ माल म्हणून किंमत येते. पुठ्ठ्याचे खोके चपटे करून बांधा आणि आडोशाला ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पुण्यात असाल तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी बोला. तिच्या मुळाशी एक विद्यापीठच आहे, हे कॉलेजातल्या मुलांना आवर्जून सांगावं असं मला वाटतं. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी १९९०च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांमध्ये काम करायला गेली. घरातच कचरा वेगळा करून हातात मिळाला तर उकिरडे उपसायला लागत नाहीत, वेळ वाचतो आणि कमाई वाढते, हे त्या कामातून पुढे आलं. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही संस्था होऊन २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायला लागली. इतर शहरांत आणि तालुक्याच्या गावी अशी संघटना नसली तरी कचरा वेचणाऱ्या बाया असतातच. त्यांना फाटकातून आत येऊ द्या, ओळखपत्र द्या, बसून निवडायला सावलीची जागा आणि हात धुवायला नळ द्या.

परवानगी मागताना काय न्यायचं

प्राचार्यांकडे फक्त ‘पर्यावरण वाचवू’ म्हणून जाऊ नका. ऑडिटची वही, भंगारवाल्याशी झालेलं बोलणं आणि कायद्याची दोन वाक्यं घेऊन जा. घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यांत कचरा जागेवरच चार प्रकारांत वेगळा करायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे रंगकामाच्या रंगाचे डबे, बल्ब, औषधं वगैरे. रोज १०० किलो किंवा जास्त कचरा, किंवा २०,००० चौरस मीटर बांधकाम, किंवा रोज ४०,००० लिटर पाण्याचा वापर, यांपैकी एक जरी लागू झालं तरी संस्था मोठी कचरा-निर्माती ठरते आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी तिच्यावर येते. हॉस्टेल असलेलं मोठं कॉलेज यात सहज बसतं. वजनाचा आकडा तुमच्या वहीत आहेच.

दुसरी बाजू नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची. मूल्यांकनाच्या ज्या चौकटीला कॉलेजं वर्षानुवर्षं सामोरी गेली, तिच्या सातव्या निकषात कचरा व्यवस्थापन येतं आणि तिथे पुरावा लागतो. तुमची रोजची वजनाची वही हा उत्तम पुरावा आहे. एनएसएसच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचं असतंच. पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयाला प्रकल्पही लागतो. हे तास आणि हे प्रकल्प खताच्या हौदावर आणि वजनाच्या काट्यावर वळवून घ्या. बारावं पोस्टर काढण्यापेक्षा ते बरं.

आणि परवानगी तोंडी घेऊ नका. जागा कोणती, चाव्या कुणाकडे, पाण्याचा नळ कोणता, सुट्टीत कोण बघणार, हे एका कागदावर लिहून सही घ्या.

डबे कुठे आणि कसे

वर्गातला डबा काढून टाका. एका खोलीतला एकटा डबा म्हणजे सगळा कचरा एकत्र, हे ठरलेलं. त्याऐवजी मजल्यावर जिन्याजवळ जोडी ठेवा, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. दोन्ही शेजारी शेजारीच. दहा पावलं दूर असला तरी हातातलं जवळच्यात पडतं. सुक्याच्या झाकणाला बाटली जाईल एवढं गोल भोक असलं तर ताटातलं खरकटं त्यात ओतावंसं वाटत नाही. डब्यावर ‘जैवविघटनशील’ असं लिहिण्यापेक्षा खऱ्या वस्तू चिकटवा: रिकामी बाटली, चपटा केलेला खोका, दुसऱ्यावर केळ्याच्या सालाचा आणि चहाच्या चोथ्याचा मोठा फोटो. आत काळी पिशवी लावू नका. ओल्या डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा एक कागद पुरतो आणि डबा रोज धुतला जातो, पण त्यासाठी मावशींना नळ, ब्रश आणि वेळ मिळायला हवा. तो वेळ त्यांच्या कामाच्या यादीत लिहूनच घ्या, उपकार म्हणून मागू नका.

कॅन्टीन आणि मेस

खरी लढाई इथे आहे. ऑडिटमधलं सगळ्यात जड पोतं बहुतेक इथलंच निघतं.

चहापासून सुरू करा. कागदी कपाऐवजी काचेचे किंवा स्टीलचे ग्लास. कॅन्टीनवाल्या काकांचा आक्षेप दोन गोष्टींवर असतो: ग्लास परत येत नाहीत, आणि धुवायला माणूस लागतो. दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींवर तोडगा काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्लास परत येण्यासाठी बसायच्या जागीच, कट्ट्याजवळ, ग्लास ठेवायचा क्रेट हवा. काउंटरपर्यंत चालत कुणी येत नाही. बाहेर न्यायचा असेल तर थोडी अनामत घ्या आणि ग्लास दिल्यावर परत करा. धुण्यासाठी जास्तीचं सिंक आणि गरम पाण्याची सोय कॉलेजने करून द्यावी, कारण फायदा कॉलेजचाही आहे. काकांचा कपांवरचा महिन्याचा खर्च त्यांच्याच पावत्यांवरून काढून त्यांच्यासमोर मांडा. माझा अनुभव असा की कॅन्टीन चालवणारा माणूस आकड्याला लवकर मान देतो.

ताट-वाट्या स्टीलच्याच. प्लॅस्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, काटे, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे; महाराष्ट्रात त्याआधीच २०१८ पासून बंदी आली. तेव्हा या बाबतीत तुम्ही विनंती करत नाही, नियम सांगताय. वडापाव वर्तमानपत्रात बांधून देऊ नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचंही सांगणं आहे, कारण शाई खाण्यात उतरते. उभ्याने खायचा असेल तर वडापावला छोटी स्टीलची ताटली लागते, बाकी काही नाही.

उष्ट्याचं काय? पोह्यांची, मिसळीची, राईस प्लेटची अर्धी प्लेट वेगळ्या दरात मिळू द्या. जास्तीचा रस्सा, जास्तीचा पाव मागितल्यावर वाढा, आधीच ताटात ओतू नका. मेसमध्ये भात आणि भाजी मुलांना स्वतः वाढून घेऊ द्या आणि ताट ठेवायच्या जागी पारदर्शक बादली ठेवा, जिच्यात सगळ्यांचं उष्टं एकत्र दिसतं. शेजारी फळ्यावर कालचं वजन लिहा. उपदेश अजिबात नको, फक्त वजन. आपल्या घरांत पानात टाकू नये हे लहानपणापासून सांगितलेलं असतं, त्यामुळे आकडा बघून मुलं स्वतःच बोलायला लागतात. आणि एक लक्षात ठेवा: रोज जास्त फेकली जाणारी भाजी एकच असेल तर दोष मुलांचा नाही, भाजीचा आहे. मेसच्या मावशींबरोबर बसून ती बदला.

न वाढलेलं, झाकून ठेवलेलं अन्न उरलं तर ते गरम असतानाच आणि त्याच वेळी कुणाला द्यायचं हे आधी ठरवून ठेवा. रात्री अकराला फोन फिरवून ते होत नाही. तळणीचं वापरलेलं तेल नाल्यात किंवा हौदात नको. ते डब्यात साठवून बायोडिझेलसाठी घेणाऱ्या अधिकृत संकलकाला देता येतं.

पालापाचोळा आणि ओला कचरा: हौद लावायचा कसा

आवारात झाडं असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीचे ढीग लागतात आणि कुठेतरी काडी ओढली जाते. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच मनाई केली; साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला हीच वाळकी पानं लागतात आणि पावसाळ्यात ती शोधून मिळत नाहीत. म्हणून मार्चमध्येच पोत्यांत भरून, पत्र्याखाली, वर्षभराची बेगमी करून ठेवा.

नुसत्या पानांसाठी आपल्या मातीतलीच पद्धत आहे: नाडेप. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती घडवली, त्यांच्या नावाची आद्याक्षरं तिला मिळाली. विटांचा हौद, लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची ३ फूट, भिंतींत हवेसाठी भोकं. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर चाळलेली माती, असे थर देत हौद भरायचा आणि वरून शेणमातीने लिंपायचा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. कृषी महाविद्यालयांत आणि ग्रामीण भागात ही पद्धत फार सोयीची, कारण शेण हाताशी असतं.

कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्याला मात्र रोज भरता येतील असे लहान हौद बरे. साधारण एक मीटर लांब, रुंद, उंच असे तीन शेजारी शेजारी. याहून लहान ढीग आत ऊब धरत नाही, फार मोठा केला तर हवा पोचत नाही. भिंती जाळीदार विटांच्या, खाली वीट-खडीचा थर, वर पाऊस अडवणारं छप्पर, आणि आतून बारीक जाळी म्हणजे उंदीर-घुशी शिरत नाहीत. रोज दहा किलोच्या आसपास ओला कचरा असेल तर एक हौद भरायला सुमारे महिना लागतो. तोवर दुसरा मुरतो, तिसरा रिकामा होतो.

रोजची रीत अशी. आधी कचरा चाळणीत निथळू द्या; आमटी, सांबार, रस्सा यांचं पाणी हौदात गेलं की सडणं सुरू होतं. मोठे तुकडे कोयत्याने बारीक करा. हाडं टाळा. हौदाच्या तळाला वीतभर वाळकी पानं पसरा. मग एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या चुरलेली वाळकी पानं, दोन्ही मिसळून. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा पाण्यात कालवलेलं आंबट ताक आणि थोडा गूळ शिंपडा. शेवटचा थर नेहमी पानांचा, म्हणजे माश्यांना आतलं दिसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि थोड्या वेळाने काढून हात लावा. चटका बसेल इतकी ती तापलेली असली की समजा काम सुरू झालं. आत ५५ ते ६० अंशांपर्यंत उष्णता जाते. ओलावा मुठीने तपासा. मूठभर घेऊन पिळलं की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पानं वाढवा. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच सगळं सुटं झालं तर पाणी शिंपडा. आठवड्याला एकदा फावड्याने वरखाली करा.

वास आला तर घाबरून बंद करू नका, वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पाणी जास्त, हवा कमी. पानं घाला, उलथवा, दोन दिवसांत वास जातो. पांढरी बुरशी दिसली तर चांगलं लक्षण. करड्या-पांढऱ्या जाड अळ्या वळवळताना दिसल्या की मुलं किंचाळतात, पण त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा भराभर खाऊन कमी करतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. ढीग तापतच नसेल तर एक तर कोरडा आहे किंवा नुसती पानं आहेत, मग चहाचा चोथा घाला. कॅन्टीनचा चोथा हे हौदाचं सगळ्यात आवडतं खाणं आहे. साग आणि आंब्याची जाड पानं उशिरा कुजतात, ती चुरून किंवा वेगळ्या हौदात.

दीड-दोन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत निघतं. चाळा, राहिलेला चाळ विरजण म्हणून परत हौदात घाला. पहिलं पोतं मावशींना आणि कॅन्टीनवाल्या काकांना त्यांच्या घरच्या कुंड्यांसाठी द्या, मग बागेला.

हॉस्टेल मोठं असेल आणि रोज पन्नास-शंभर किलो शिजलेलं अन्न निघत असेल, तर बायोगॅसचा विचार करा. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ संयंत्र आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घडवलेलं छोटं संयंत्र, ही दोन्ही खरकट्यावर चालणारी मराठी मुलखातलीच कामं आहेत. पण बायोगॅसला रोज ठरावीक खाणं लागतं. मे महिन्यात मेस बंद झाली की ते उपाशी राहतं, तेव्हा सुट्टीतली सोय आधी लावा.

कागद

इथे फार बोलायला नको. कार्यालयातला प्रिंटर पाठपोट छापायला लावा. सबमिशनच्या फायली आणि जर्नल्स दोन्ही बाजूंनी लिहिलेली चालतील, असं विभागप्रमुखांकडून सूचनाफलकावर लावून घ्या. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. स्पायरल बाइंडिंगची सक्ती काढा, साधा दोरा पुरतो. पाठकोरे कागद विभागात एका ट्रेमध्ये ठेवा, कच्च्या कामाला उपयोगी पडतात. जुन्या उत्तरपत्रिका मात्र रद्दीत सरळ जात नाहीत. मुदत संपल्यावर परीक्षा विभागाच्या देखरेखीखाली त्या फाडून किंवा लगदा करायला दिल्या जातात, त्यात तुम्ही हात घालू नका.

जे हिरव्या-निळ्या डब्यांत जाऊ नये

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पुण्यात ‘स्वच्छ’ने रुजवलेली साधी रीत प्रत्येक कॉलेजने उचलावी. उद्देश एकच: उचलणाऱ्या बाईला पुडकं न उघडता कळावं. प्रत्येक स्वच्छतागृहात झाकणाचा वेगळा डबा, जुने कागद आणि लाल स्केचपेन टांगून ठेवा. कॉमन रूममधल्या छोट्या जाळणी यंत्रांच्या मी बाजूची नाही. कमी उष्णतेवर प्लॅस्टिक जळून निघणारा धूर तिथल्याच मुली आणि मावशी ओढतात.

ई-कचरा, म्हणजे जुने संगणक, माउस, चार्जर, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा; जुन्या बॅटऱ्याही तशाच. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो. प्रयोगशाळेतली रसायनं, फुटकी काच, कल्चर प्लेटा हे सगळं प्रयोगशाळा सहायकांच्या अखत्यारीत राहू द्या. उत्साही स्वयंसेवकाने तिथे हात घालणं धोक्याचं.

गॅदरिंग आणि मे महिना

वर्षभर सांभाळलेलं काम गॅदरिंगच्या तीन दिवसांत विस्कटतं, म्हणून कल्चरल कमिटीच्या पहिल्या बैठकीला हजर राहा. सजावटीच्या थर्मोकोलवर आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, हे अंदाजपत्रक ठरायच्या आधी सांगायचं. बॅनर कापडी करा आणि त्यावर वर्ष लिहू नका. पुढच्या वर्षी तोच लागतो. नेपथ्यासाठी बांबू, पुठ्ठा, जुन्या साड्या, चादरी. पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार आणि स्टीलचे ग्लास, पाहुण्यांच्या टेबलावर तांब्या-भांडं. खाण्याच्या स्टॉलवाल्यांच्या अर्जातच ‘स्वतःची स्टीलची भांडी आणणार’ हे कलम घाला.

हॉस्टेल रिकामं होताना बादल्या, गाद्या, हँगर, पुस्तकं, ड्रॉइंग बोर्ड, अॅप्रन मागे पडतात. शेवटच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक मजल्यावर एक खोली मागून घ्या. चांगलं धुतलेलं आणि चालतं तेवढंच घ्या, यादी करा, कुलूप लावा. जुलैत येणाऱ्या मुलांना हे नाममात्र किमतीत द्या. गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाच्या घरचा केवढा तरी खर्च वाचतो.

आणि मार्चमध्येच दुसऱ्या वर्षाची चार मुलं हेरून त्यांच्या हातात हौदाची चावी, वजनाची वही, भंगारवाल्याचा आणि गाडीवाल्या काकांचा नंबर द्या. त्यांना निदान दोनदा तुमच्यासमोर हौद उलथवायला लावा. तृतीय वर्षाच्या मुलांवर सगळं ठेवलं तर एप्रिलमध्ये ती परीक्षेला बसतात आणि जूनमध्ये कॉलेजातच नसतात. सुट्टीतल्या हौदाला आठवड्यातून एकदा पाणी मारायचं काम माळीकाकांकडे लेखी द्या, आणि त्याचा मोबदलाही त्याच कागदावर लिहा.